सतराव्या पानावरचं घर

गुरुवार, १० जुलै १९८६

सगळ्यांत आधी डल्सीच! पुस्तकांची गाडी फेरीबोटीवरून अजून उतरलीसुद्धा नव्हती आणि ही हॉलच्या पायरीवर हजर — डोक्याला रुमाल, काखेत परत करायची चार पुस्तकं. म्हणे, मी काही मुद्दाम लवकर नाही आले, कुत्र्याला फिरवत होते. कुत्रा घरी होता. शेजारचंच घर, येताना कुंपणाशी भुंकताना मी स्वतः पाहिला. तिच्यामागून शर्मरांची सून, दोन्ही पोरं शेंबडी. आणि तिसरी मी! एरवी सगळे जाईपर्यंत मी पोस्टाच्या भिंतीला टेकून उभी राहायचे, पत्र टाकायला आल्यासारखी. कुणाला पत्र टाकणार होते देव जाणे.

आज सरळ गाडीत चढले. बेव्ह गाडी चालवते आणि पुस्तकंही तीच देते. बाई एवढीशी आणि गाडी केवढी! मी सवयीने लहान मुलांच्या कप्प्याकडे वळले तर म्हणाली, "आजी, आज तिकडे नाही. आज इकडे." आणि हातात हे पुस्तक दिलं. मोठी अक्षरं, लहान गाव, एक खून, आणि वाचताना हसू येतं म्हणाली. कव्हरवर तंबू आहे, तंबूतून बाहेर आलेले दोन बूट आणि शेजारी एक बदक. नाव — केकच्या तंबूत मयत. पानं दोनशे अकरा! मी म्हटलं, बाई गं, मी बहात्तर वर्षांची आहे, जरा हिशोबाने दे.

बुधवारी ट्रेगेन्झाबाई हॉलमध्ये आम्हा चौघांना लिहायला-वाचायला शिकवतात. दोन हिवाळे झाले. वहीही त्यांनीच दिली. रोज थोडं लिहायचं, बोलता तसंच लिहायचं, मी तपासणार नाही म्हणाल्या. बोलते तसं लिहिलं तर वही कशी पुरायची?

शुक्रवार, ११ जुलै

बाई मेली! पाचव्याच पानावर! केकच्या स्पर्धेची परीक्षक — तोंड स्पंज केकमध्ये, पाय तंबूच्या बाहेर. मला फार बरं वाटलं. देव क्षमा करो.

रविवार, १३ जुलै

ॲडलेडहून नातीचा, लिॲनचा फोन. कुठल्या पानावर आहेस विचारलं. म्हटलं, अकरा. चार दिवसांत? असं म्हणाली, पण हसली नाही हं. मी सांगितलं, अगं मी माणसांना सावकाश मरू देते.

पुस्तकातलं गाव अगदी आपल्यासारखं. नदी नाही आणि संत्र्यांच्या बागा नाहीत, बाकी सगळं तेच. कोण कुणाकडे किती वाजता गेलं, किती वाजता निघालं, जाताना हातात भांडं होतं का — सगळ्यांना सगळं ठाऊक, फक्त पोलिसाला ठाऊक नाही. पोस्टात एक विधवा बाई आहे, मिसेस पेनीफोल्ड. तिकिटं चिकटवता चिकटवता सगळं शोधून काढते. तिचं बदक पोलिसाच्या पोटरीला चावलं तेव्हा मी इतकी हसले की दातांची कवळी काढून ठेवावी लागली.

आता, परीक्षक मेली तर मला बरं का वाटलं ते लिहिते. इथे कोण वाचायला येणार आहे.

सदुसष्टचं गावचं प्रदर्शन, केक-मुरंब्यांच्या स्पर्धांचं. मी मार्मलेड ठेवलं होतं, संत्र्याच्या सालींचं, आईच्या रीतीचं. परीक्षक कोण, तर एनिड. माझी सख्खी धाकटी बहीण. आई आजारी पडली तेव्हा मी नऊ वर्षांची आणि ती पाच. मी शाळा सोडली. सकाळी शेडमध्ये जर्दाळू कापायचे, दुपारी घरचं. एनिड शिकली, मास्तरीण झाली. तिच्या फ्रॉकांना इस्त्री मी करायचे आणि मान माझी वर असायची.

तर माझ्या बरणीचं झाकण कॉफीच्या बरणीचं होतं, वर कंपनीचं नाव छापलेलं. आणि झाकणावर कसलंही नाव नको असा नियम होता. नियमांचा कागद महिनाभर माझ्या चुलीशेजारी खिळ्याला लटकत होता! एनिडने बरणीपुढे गुलाबी कार्ड ठेवलं — नियमाप्रमाणे नाही. कार्ड कसलं ते रंगावरून कळलं. मी विचारलं, का गं? प्रदर्शनाची अख्खी शेड भरलेली होती. ती म्हणाली,

"स्पष्ट लिहिलंय की कागदावर. वाचता येत नाही का तुला?"

नव्हतंच येत. हे दोघांनाच ठाऊक होतं, माझ्या नवऱ्याला, लेनला आणि तिला. त्या दिवसानंतर सगळ्यांना कळलं, कारण माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही.

एकोणीस वर्षं झाली. ती नदीपलीकडे राहते, धक्क्यावर उभं राहिलं की तिच्या घराचं छप्पर दिसतं. फेरीबोट चार मिनिटांत जाते, तिकीटसुद्धा नाही. लेन गेला तेव्हा आली होती. मागच्या बाकाशी उभी राहिली आणि प्रार्थना संपायच्या आत गेली.

मी आपली मनाशी म्हणते — विसरली असेल बिचारी. शिकल्या-सवरलेल्या माणसांत राहून, आपल्या बहिणीला अक्षर येत नाही हे विसरायला होत असेल. तोंडातून निघून गेलं असेल. या एका गोष्टीच्या आधारावर मी तिच्याबद्दल कधी वाईट बोलले नाही. बोललेच नाही, हे खरं.

मंगळवार, १५ जुलै

सतराव्या पानावर एनिड आहे.

म्हणजे — कसं लिहू. पानाच्या खाली आकडा असतो ना, सतरा, त्याच्या शेजारी पेन्सिलीने काढलेलं घर. तांदळाच्या दाण्याएवढं. चार रेघा, वर छप्पर, छपरावर धुराडं आणि धूर डावीकडे वळलेला. मी चष्मा पुसला. खिडकीशी नेऊन पाहिलं.

शेडमध्ये आम्ही जर्दाळू कापून लाकडी तबकांत मांडायचो, सुकायला. कुठलं तबक कुणाचं ते कळावं म्हणून प्रत्येकीने खडूने आपली खूण करायची. मला नाव लिहिता येईना, म्हणून मी घर काढायचे — चार रेघा आणि छप्पर. सुट्टीत एनिड यायची. तिला नाव लिहिता येत होतं तरी हट्ट, मलाही घरच हवं. मग माझ्यापेक्षा वेगळं दिसावं म्हणून तिने धुराडं काढलं. आणि धूर नेहमी डावीकडे. मी म्हणायचे, अगं कधी वारा बदलू दे की.

जगात ही खूण दुसरं कोण काढणार?

बुधवार, १६ जुलै

आज वाचलं नाही. नुसतं सतरावं पान उघडून बसले. बटाटे करपले.

शनिवार, १९ जुलै

पान चौसष्ट! जुलैची थंडी इतकी की बाहेर द्राक्षांच्या छाटणीला गेलेले लोक परत आले. मी चुलीशी पाय करून वाचत होते. पोरांचे कपडे शिवताना जशी सुई पुढे पळते तसं होऊ लागलंय आता, मध्येच एखादी गाठ.

आणि ऐक वही — खुनी मला सापडलाय. सापडली आहे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मिस ट्विग. पोलिसाला ती काय सांगते? खून झाला त्या सकाळी मी घरी मार्मलेड करत होते, नऊला फळं चिरली आणि अकराला बरण्या भरल्या! एका सकाळीत? साली रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय? बिया फडक्यात बांधून त्याच पाण्यात ठेवायच्या असतात, त्याशिवाय ते जमेल का तरी? खोटारडी! मिसेस पेनीफोल्डच्या कसं लक्षात आलं नाही? तिकिटं चिकटवण्यात आयुष्य गेलं, दुसरं काय.

कुंपणापाशी डल्सीला सांगितलं. तिने हे पुस्तक दोनदा वाचलंय. तोंड मिटून घेतलं तिने, डोळे मात्र नाचत होते. म्हणाली, "वाच तू, मर्ट. वाच." म्हणजे माझंच बरोबर.

गुरुवार, २४ जुलै

गाडीचा दिवस. मी पहिली! डल्सी आली ती तोंड पाडूनच.

बेव्हला सतरावं पान दाखवलं आणि विचारलं, हे काय गं? ती हसायला लागली. म्हणाली, ही आमच्या जुन्या वाचकांची चाल. इतकी पुस्तकं वाचतात की हे वाचलंय की नाही तेच आठवत नाही, म्हणून प्रत्येक जण ठरलेल्या पानावर हळूच खूण करून ठेवतो. बेव्हने करू नका म्हणायचं आणि त्यांनी करायचं. मग दाखवलंन एकेक. विसाव्या पानाखाली टिंब — डल्सी. (डल्सी म्हणे, माझं कशावरून? कान लाल.) शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात तपकिरी फुली — म्हातारा शर्मर, तंबाखूच्या बोटाची. तो जाऊन तीन वर्षं झाली. त्याची फुली आहे. मला हे फार आवडलं.

घर कुणाचं ते बेव्हने सांगितलं नाही. कोण काय वाचतं ते सांगायचं नाही असा तिचा नियम आहे. बरोबर आहे तिचं. मी म्हटलं, सांगू नकोस, मी शोधते.

मिसेस पेनीफोल्डची आणखी सहा पुस्तकं गाडीत होती. सगळी उतरवली, पायरीवर मांडली, एकेकाचं सतरावं पान. घर. घर. घर. घर. घर. आणि सगळ्यांत नवं, सातवं — काहीच नाही. विसाव्यावर डल्सीचं टिंब होतं, सतरावं कोरं.

डल्सी म्हणाली, कंटाळली असेल. मी म्हटलं, डल्सी, सहाव्याच्या शेवटी काय होतं? तर म्हणे, डॉक्टर मिसेस पेनीफोल्डला लग्नाचं विचारतो आणि ती उत्तर देणार एवढ्यात पुस्तक संपतं. आता सांग, असल्या ठिकाणी कुठली बाई सोडून देईल?

पुस्तकांत मागे परतीच्या तारखांचे शिक्के असतात. सहावं सगळ्यांत शेवटी गेल्या वर्षीच्या मार्चात परत आलंय. सातवं गाडीत पहिल्यांदा आलं मे महिन्यात. म्हणजे त्या दोन महिन्यांत एनिडला काहीतरी झालं.

सातवं घेऊन आले. उघडणार नाही. आधी हे संपवते.

शुक्रवार, २५ जुलै

सकाळी धक्क्यावर गेले. फेरीबोटवाला ऑसी मला पाहून म्हणाला, पलीकडे जायचंय की काय, मर्टल? मी म्हटलं, छे, पेलिकन बघायला आले. पेलिकन एकही नव्हता.

त्याला कुणी विचारलं नाही तरी तो सांगतो, विचारलं तर थांबतच नाही. एनिड? गाडी चालवत नाही हल्ली. वर्ष झालं असेल. तिचा नवरा क्लॅरीच बाजार करतो. मंगळवारी तिला घेऊन ॲडलेडला जात होता. काळा चष्मा लावलेला. ऑसीने हात केला, तिने केला नाही. ऑसीला वाटलं, गर्व. "मास्तरीण शेवटी," म्हणाला.

गर्व नाही रे बाबा. हात दिसलाच नसणार.

घरापर्यंत कशी आले कळलं नाही. लहानपणी ती दिवा पुढे ओढून वाचायची आणि मी ओरडायचे, एक दिवस डोळे घालवशील.

रविवार, २७ जुलै

पत्र लिहिलं. आयुष्यात पहिलं. पाच कागद फाडले. एकावर खूप लिहिलं होतं, प्रदर्शन, शेड, सगळं. तेही फाडलं. शेवटी एवढंच राहिलं —

एनिड, मिसेस पेनीफोल्डचं सातवं पुस्तक माझ्याकडे आहे. तू ते वाचलं नाहीस. का. मर्टल.

सोमवार, २८ जुलै

पत्र ऑसीकडे दिलं, क्लॅरीच्या हातात दे म्हटलं. ऑसीने पाकीट उजेडात धरलं. मी त्याच्या पाठीत छत्री घातली.

मग घरी येऊन डोक्यात आलं, तिला तर वाचता येणार नाही! क्लॅरीला वाचून दाखवावं लागेल. माझं पहिलं पत्र आणि ते क्लॅरीच्या तोंडून! त्याच्या आवाजात सगळंच गुरांच्या बाजारभावासारखं ऐकू येतं.

बुधवार, ३० जुलै

काही नाही. वर्गात ट्रेगेन्झाबाईंनी विचारलं, लक्ष कुठे आहे? म्हटलं, नदीत.

गुरुवार, ३१ जुलै

संपलं! दोनशे अकरावं पान! बहात्तराव्या वर्षी अख्खं पुस्तक! लिॲनला फोन लावला, गुरुवार असून. रडली वेडी.

आणि खुनी कोण? पाववाला! ऑर्गनवाली निर्दोष. तिने खरंच एका सकाळीत मार्मलेड केलं होतं म्हणे. म्हणजे काय, तर लिहिणाऱ्या बाईलाच मार्मलेड येत नाही! इतकं छान लिहिते, बदकाची चालसुद्धा डोळ्यांपुढे उभी करते, आणि साली भिजवाव्या लागतात हे तिला कुणी सांगितलं नाही. डल्सी कुंपणाला धरून हसली. तिला पहिल्यापासून माहीत होतं.

पेन्सिल घेतली. सतराव्या पानावर, तिच्या घराशेजारी माझं घर काढलं. चार रेघा आणि छप्पर. बेव्ह ओरडली तर ओरडो.

शनिवार, २ ऑगस्ट

पलीकडून काही निरोप नाही. पाच दिवस झाले. नसेल यायचं. नको येऊ दे. जमीन पुसली, पडदे धुतले, उगाच.

रविवार, ३ ऑगस्ट

आले!!

अकरा वाजले होते. मी केस धुऊन चुलीपुढे बसलेले, डोक्याला टॉवेल. गाडीचा आवाज आला, तो डल्सीच्या पाहुण्यांचा म्हणून उठले नाही. मग फाटक वाजलं. क्लॅरी पुढे, हॅट हातात, आणि त्याच्या कोपराला धरून एनिड. लहान झाली आहे. आईएवढी झाली आहे. डल्सी कुंपणापलीकडे दोरीवर नसलेले कपडे काढत होती.

एकोणीस वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "पायरी आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तीन आहेत."

आत बसलो. चहा केला. स्कोन होते, छोटे गोड पाव, कालचे, पण गरम केले. क्लॅरी दहिवराबद्दल बोलला, मग संत्र्यांबद्दल, मग पुन्हा दहिवराबद्दल. बिचारा एकटाच ओढत होता. एनिड बशीची कड बोटाने चाचपत बसलेली. मग म्हणाली, तुझं पत्र चार वेळा वाचून घेतलं. 'का'पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी म्हटलं, मास्तरीणबाई, आता घालते.

तर हसली! तोंडातला स्कोन ठसक्याने बाहेर. क्लॅरीने पाठ थोपटली आणि मी पाणी दिलं. तिथून मग बरं झालं.

डोळ्यांचं तिने स्वतःच सांगितलं. मधलं सगळं गेलंय, फक्त कडेकडेचं दिसतं. माझ्याकडे सरळ पाहिलं तर मी दिसत नाही, माझे कान दिसतात. म्हणाली, "मोठे झालेत गं तुझे कान." डॉक्टरांनी सांगितलंय, आहे एवढं राहील, गेलेलं येणार नाही. वाचन गेलं, हेच तिला फार लागलंय. क्लॅरी वाचून दाखवतो, पण त्याच्या वाचण्यात डॉक्टर, पोलीस, मयत आणि बदक सगळे क्लॅरीसारखेच बोलतात. दोन पानांत झोपतो. क्लॅरी म्हणाला, दीड.

मी तिला विचारलं, तंबूतल्या खुनात तुला कोण वाटलं होतं? खरं सांग.

ती ताडकन म्हणाली, "ऑर्गनवाली! एका सकाळीत मार्मलेड?"

"साली न भिजवता!"

"आणि बियांचं फडकं?"

अगदी एकदम बोललो दोघी! क्लॅरी दचकला. अख्ख्या नदीकाठी डल्सीने, बेव्हने, सगळ्यांनी ते पुस्तक वाचलं आणि पाववाल्याला धरलं. ऑर्गनवालीला आम्हा दोघींनीच फासावर चढवलं. आईमुळे. एकाच स्वयंपाकघरात वाढल्या की अशी चूक होते. हसून हसून एनिडने काळा चष्मा काढून डोळे पुसले. डोळे तसेच आहेत दिसायला, निळे.

मग सातवं काढलं. मी सांगून टाकलं, मी बोट ठेवून वाचते, सावकाश वाचते, हसायचं नाही. ती खुर्ची जवळ ओढून बसली. मिसेस पेनीफोल्डला मी जरा खणखणीत आवाज दिला, डॉक्टरला घोगरा, बदकाला डल्सीचा. एका शब्दाशी अडले. लांबलचक होता, औषधाचं नाव. बोट तिथेच थांबलं. मला वाटलं, आता सांगेल. तिला आला असणार, पुढच्या-मागच्यावरून. सांगितला नाही. हात मांडीवर, मान खाली, नुसती थांबली. मी तुकडे केले, जोडले, म्हटला.

"पुढे," ती म्हणाली.

दोन प्रकरणं वाचली! क्लॅरी खुर्चीतच घोरत होता. डॉक्टरला काय उत्तर मिळालं ते इथे लिहीत नाही, कुणी वहीत डोकावलं तर त्याची मजा जायला नको. चौथ्या पानावरच मयत पडलंय, विहिरीत. एनिडचा संशय दूधवाल्यावर. माझा अजून कुणावर नाही, मी आता घाई करत नाही.

त्यांच्या कोंबड्या कोंडायच्या होत्या म्हणून चारला निघाले. घर एवढं शांत झालं. पण वाईट शांत नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

काल एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मीच ठेवली.

क्लॅरी गाडी वळवायला गेला होता. एनिड दाराच्या चौकटीला हात लावून उभी. म्हणाली, "मर्ट, त्या दिवशी मी विसरले नव्हते. तुला वाचता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं." मग — "आधी मी चव घेतली. आईचं होतं ते, अगदी तेच. मला कधीच जमलं नाही. तिने तुला शिकवलं, मला शाळेत पाठवलं. मग मी झाकण बघितलं."

क्लॅरीने हॉर्न वाजवला.

मी विचारलं, पुन्हा कधी येताय?

येत्या रविवारी, १० ऑगस्टला. सकाळी अकरा. दोघंही येतो म्हणालेत.